वराहाच्या पोटाखालून

पोस्टात चौतीस वर्षं सॉर्टिंग केलं मी. 441106 हा पिन दिसला की हात आपोआप रामटेकच्या खणाकडे जायचा, डोळ्यांना विचारायची गरज पडत नसे. नागपूरच्या माणसाचं रामटेकशी असंच असतं. नवस रामटेकला, शाळेची सहल रामटेकला, पाहुणे आले की रामटेकला, आणि शेवटी अस्थीही तिथेच, अंबाळ्याच्या तलावात. त्यामुळे दिवाळीनंतर पुण्याहून माझा भाचा, त्याची बायको आणि दहा वर्षांची लेक चिमणी महाल भागातल्या आमच्या घरी उतरली आणि भाच्यानं जाहीर केलं की "मावशी, रविवारी रामटेक, गाइड ठरवलाय," तेव्हा मला हसूच फुटलं. रामटेकला गाइड! माहेरी जायला रस्ता विचारण्यातला प्रकार.

"किती घेणार तो?"

"दिवसाचे 1500."

"बाप्पा! मला हजार दिले असते तर मी नसतं दाखवलं?"

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तू काय दाखवशील? राम, लक्ष्मण आणि चहाची टपरी." स्वतः मात्र मॅच आहे म्हणून घरीच राहिले.

सकाळी साडेसहाला निघालो. कामठी रोडवर तर्री-पोहे झाले. सूनबाईनं पहिल्या घासाला डोळे पुसले, दुसऱ्या घासाला आणखी तर्री मागितली. त्या क्षणापासून ती मला आवडली. कन्हानचा पूल ओलांडून मनसरच्या फाट्यावर पोचलो तर गाइड आधीच येऊन उभे. निवृत्त शाळामास्तर. पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, आणि भर दिवसा हातात विजेरी. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात म्हणे, म्हणून आम्हीही गुरुजी.

"काकू, तुम्ही नागपूरच्या? मग तुम्हाला सगळं माहीतच असेल."

"हो ना," म्हणाले मी. ते "हो ना" मला दिवसभर पुरलं.

कारण पहिल्याच ठिकाणी मी कोरी. मनसरचा फाटा म्हणजे माझ्या लेखी जबलपूर रोड सोडून उजवीकडे वळायची जागा, जवळ मँगनीजची खाण, आणि एस.टी. थांबली तर चहा. तिथेच हिडिंबा टेकडी आहे हे ऐकून माहीत होतं. भीमाची हिडिंबा इथे राहायची, एवढी माझी माहिती. वर चढून गेले नव्हते कधी. वर गेलो तर नुसती टेकडी नव्हेच ती. विटांचं अख्खं बांधकाम आहे, थरावर थर, कोनाकोनांत वळत गेलेलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथे मोठं उत्खनन सुरू झालं. गुरुजी म्हणाले, हे वाकाटकांचं, विदर्भातल्या जुन्या राजघराण्याचं. दुसऱ्या प्रवरसेनानं राजधानी हलवून प्रवरपूर वसवलं ते इथे, आणि हे त्याचं प्रवरेश्वराचं देऊळ, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. पण दुसरीकडे बौद्ध आचार्य नागार्जुनाचं नावही या परिसराशी जोडलेलं आहे आणि इथे बौद्ध अवशेष पाहणारेही आहेत. "दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे येतात," गुरुजी म्हणाले, "मी दोघांनाही विटा दाखवतो."

चिमणीनं एका विटेवर पंजा ठेवला, मग कोपर टेकवलं, तरी वीट उरली. आमच्या गल्लीत सध्या एका घराचं काम चालू आहे, तिथल्या विटेच्या मानानं ही म्हणजे थोरली जाऊ.

मग गुरुजींनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. मनसरलाच 1972 साली सापडलेली शिवाची मूर्ती. बुटका, गुबगुबीत शिव, सुटलेलं पोट, केसांत चंद्रकोर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू आत्ताच श्रीखंडपुरीवरून उठला आहे. मूळ मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. मी तो फोटो लगेच मागून घेतला आणि ह्यांना पाठवला, खाली काहीही न लिहिता. उत्तर आलं नाही.

मनसरहून रामटेक पाच-सहा किलोमीटर. गाडी गडावर वरपर्यंत जाते. पूर्वी आम्ही पायऱ्यांनी चढायचो, आता माझे गुडघे ऐकत नाहीत. उतरल्या उतरल्या एका काळतोंड्या वानरानं सूनबाईच्या हातातली चिवड्याची पिशवी इतक्या सभ्यपणे काढून घेतली की तिनं जवळजवळ थँक यू म्हटलं. गुरुजी म्हणाले, "हा इथला जुना गाइड. फी आधी घेतो."

कालिदास स्मारकापाशी भाच्यानं पुणेरी प्रश्न टाकलाच: "पण मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे सिद्ध झालंय का?" मला राग आला. घरी जेवायला बोलवावं आणि पाहुण्यानं वरणात तूप साजूक आहे का विचारावं, तसं झालं. गुरुजी मात्र खुश. मल्लिनाथानं टीकेत रामगिरी म्हणजे चित्रकूट म्हटलं आहे, काही जण छत्तीसगडातला सरगुज्याचा रामगड सांगतात, आणि रामटेकच्या बाजूनं भक्कम मांडणी केली ती आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी. यक्ष मेघाला वाट सांगतो त्यात पुढे रेवा, म्हणजे नर्मदा येते, विदिशा येते, उज्जयिनी येते. रामटेकहून सरळ उत्तरेकडे बघितलं तर नर्मदा वाटेत येतेच. आणि वाकाटकांच्या घरात गुप्तांची मुलगी सून म्हणून आलेली. तेव्हा उज्जैनच्या बाजूचा कवी इकडे येण्यात नवल काय? "मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात सीतेच्या स्नानानं पवित्र झालेलं पाणी आहे," गुरुजींनी खाली बोट दाखवलं. झाडांच्या पलीकडे अंबाळा चकाकत होता. "आता ते पाणी हेच का, ते तुम्ही ठरवा."

त्या सुनेची गोष्ट पुढच्या देवळात निघाली. केवल नरसिंहाचं देऊळ. आता हे देऊळ मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? लहानपणी याच्याच सावलीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या आहेत. पण आमच्या भाषेत ते "अलीकडचं छोटं देऊळ". पाचव्या शतकातलं आहे ते! आत नरसिंह बसलेला आहे, पण आपल्याला ठाऊक असलेला नाही. मांडीवर हिरण्यकश्यपू नाही, आतडी नाहीत, खांब नाही. एकटाच, म्हणून केवल. एक गुडघा वर, हातात चक्र, ऐसपैस. गावातल्या सगळ्या भानगडी मिटवून ओसरीवर येऊन टेकलेला पाटीलच.

आणि मग विजेरीचं कारण कळलं. भिंतीत एक शिलालेख आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भिंतीवरचा गिलावा काढताना तो उजेडात आला. तोवर गिलाव्याआड गुपचूप होता. म्हणजे मी दशमी खात होते तेव्हा हातभर अंतरावर होता आणि झाकलेला होता. गुरुजींनी विजेरी समोरून मारली नाही. भिंतीला जवळजवळ घासून, बाजूनं धरली. तोवर जे नुसते ओरखडे वाटत होते त्यांना सावल्या पडल्या आणि अक्षरं उभी राहिली. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक बारकी चौकोनी पेटी. पेटिकाशीर्ष ब्राह्मी म्हणतात या वळणाला, वाकाटकांची खास. मला तर डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेनं बुधवारी बाजाराला निघालेल्या बाया दिसल्या.

सांगायची गोष्ट म्हणजे, ही विजेरीची युक्ती मला येते! पावसाळ्यात भिजलेली पाकिटं यायची, शाई पसरलेली, नाव उडालेलं. ते पाकीट आम्ही सरळ धरत नसू. दिव्याखाली तिरपं धरायचं, म्हणजे पेनच्या टोकानं कागदावर पडलेली खाच दिसते. शाई गेली तरी दाब राहतो. मी गुरुजींना ते सांगितलं. त्यांनी काही न बोलता विजेरी माझ्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकले. पंधरा मिनिटं मी त्या भिंतीपाशी होते. वाचता अर्थातच एक अक्षर आलं नाही. पण "हे तेच अक्षर पुन्हा आलंय" एवढं मी चार ठिकाणी बरोबर दाखवलं, आणि गुरुजींनी मान डोलावली.

लेख फार झिजलेला आहे, कितीतरी ओळी अर्ध्याच. पण त्यात प्रभावतीचं नाव आहे. प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा हिनं कारभार हातात घेतला. इथून जवळ नगरधनला, म्हणजे त्या वेळच्या नंदिवर्धनला, अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, तिच्यावर शंखाचं चित्र. मुद्रा राजाच्या नव्हे, तिच्या नावाची. आणि हे देऊळ, अभ्यासकांनी त्या तुटक्या ओळी जुळवून जे वाचलं त्यानुसार, तिच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी बांधवलं.

"म्हणजे मुलीनं आईसाठी लिहिलेलं पत्र," सूनबाई म्हणाली. मला ते जरा गोडगोड वाटलं. पत्र कसलं, सरकारी शिलालेख तो. पण पुढच्या अर्ध्या तासात मला ते वाक्य आठवायचं होतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

वराह दरवाजाजवळ चार खांबांच्या मंडपात तो प्रचंड वराह उभा आहे. अखंड दगडाचा, पूर्ण प्राण्याच्या रूपातला. इथली रीत सगळ्या नागपुराला ठाऊक आहे: त्याच्या पायांमधून, पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचं. निघाला तो पुण्यवान, अडकला तो पापी. चिमणी खारीसारखी दोनदा निघाली. भाचा श्वास रोखून निघाला आणि उठताना शर्ट झटकत हसत म्हणाला, "आपल्या आजीला मात्र जमलं नव्हतं ना मावशी? वराहाला घाबरून पळाली होती."

आमच्या घरातला हा जुना विनोद. लग्नात, बारशात, कुठेही वराहाचा, रामटेकचा, फार काय डुकराचा विषय निघाला तरी निघायचा. 1971 ची रामनवमी. सगळं कुटुंब पायऱ्या चढून वर आलेलं. मी सात वर्षांची, ताई दहाची. आम्ही निघालो, काका निघाले, चांगल्या जाडजूड आत्याही निघाल्या. आईची पाळी आली. ती गुडघ्यावर बसली, हात टेकवले, डोकं आत घातलं, आणि तशीच मागे आली. उठली. पदर सारखा केला. "मला नाही जायचं," म्हणाली. आजी, म्हणजे बाबांची आई, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पाप आडवं आलं असेल." सगळे हसले. मीही हसले, मला आठवतं. आईच्या नऊवारीवर गुडघ्यापाशी धुळीचे दोन गोल होते, तेही आठवतं.

त्यानंतर आई गडावर आली नाही. रामटेकला यायची दर वेळी. पण खाली अंबाळ्याच्या घाटावर डबे, चपला आणि पाण्याची कळशी घेऊन बसायची. "जा तुम्ही, माझे गुडघे दुखतात." एकतीस वर्षांची होती.

मी वराहासमोर उभी होते. गुरुजी सांगत होते की विष्णूनं पृथ्वी वर काढली ती या रूपात, आणि हे पापपुण्याचं माप कोणत्याही पुराणात नाही. "लोकांनी काढलेलं आहे. ज्यानं काढलं तो अंगानं बारीक असणार." सगळे हसले. माझं मात्र लक्ष भाच्याच्या वाक्यात अडकलेलं. अडकली असती तर ठीक होतं. पण आई अडकली कुठे होती? ती मागे आली होती. अंगानं काडी होती ती. आत्या निघाल्या तिथून आईला निघायला काय झालं होतं?

आणि मी बोटं मोजायला लागले. सवय आहे, मनीऑर्डरच्या तारखा बोटांवरच मोजायचो. माझा धाकटा भाऊ ऑक्टोबर 1971 चा. दसऱ्यानंतरचा. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै... एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रामनवमी. म्हणजे तेव्हा आईला तिसरा महिना लागत होता. कुणाला सांगितलेलं नसणार. तीन महिने होईस्तोवर बाया सांगत नाहीत. आणि माझ्यानंतर, भावाच्या आधी, तिचं एक पोटातच गेलं होतं. ते मला बारावीत असताना कळलं, तेही आत्यांकडून.

पोटावर सरपटायचं होतं तिथे. दगडावर.

चौपन्न वर्षांत मी हा हिशोब कधी मांडला नव्हता. भावाची तारीख मला पाठ, रामनवमी पाठ, विनोद पाठ. तिन्ही पाकिटं तीन वेगळ्या खणांत टाकलेली.

पुढचं दर्शन मी केलं, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. आधी लक्ष्मणाचं देऊळ, मग रामाचं. मोठ्या भावाकडे जायचं तर धाकट्याला ओलांडूनच. लक्ष्मणाच्या देवळात यादवांच्या काळचा लेख आहे. गडाची डागडुजी आणि आताचं वैभव भोसल्यांचं, म्हणजे आमच्या महालाचंच. त्रिपुरी पौर्णिमा आठ दिवसांवर होती, त्या रात्री देवळाच्या शिखरावर रामाचं पीतांबर पेटवतात ते चिमणीला सांगितलं, तर तिनं विचारलं, "मग देव दुसऱ्या दिवशी काय घालतो?" गुरुजींना पहिल्यांदाच उत्तर सुचलं नाही.

खाली गावात जेवलो. नाव सांगत नाही, पण पाटोडीच्या रश्शात मीठ दोन स्वयंपाक्यांनी घातलं असावं. गुरुजींनी जेवताना सांगितलं की नरसिंह राव 1984 आणि 1989 ला रामटेकहून लोकसभेवर निवडून गेले. "नरसिंह वरही आहे आणि यादीतही," असा त्यांचा ठरलेला विनोद. नंतर रामटेकचं पान खाल्लं. इथले पानमळे जुने, आणि पान जिभेवर विरघळतं. जैन मंदिरातली शांतिनाथांची पिवळ्या पाषाणाची उंच मूर्ती पाहिली. खिंडसीला गेलो. सूर नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेला हा तलाव, आता बोटी, सेल्फी, भुट्टे. चिमणीला तेच सगळ्यात आवडलं. मला गर्दी सोसवेना.

अंबाळा शेवटी ठेवला होता. टेकडीच्या कुशीत तलाव, चारी बाजूंनी दगडी घाट, काठानं लहान लहान शिखरांची देवळं. अंब राजाचं कोड इथल्या पाण्यानं गेलं अशी कथा. एका घाटावर ताजं मुंडण केलेले दोन भाऊ बसले होते, डोकी अजून पांढरी; भटजी त्यांना पिंड कसे वळायचे ते दाखवत होते. आईच्या अस्थी आम्ही 2008 साली इथेच सोडल्या. तेव्हा पाणी पायरीच्या बरंच वर होतं.

"पायऱ्यांनी अर्ध्यापर्यंत जाऊन येऊ? वरून तलाव छान दिसतो," भाचा म्हणाला.

"जा तुम्ही. माझे गुडघे दुखतात."

बोलून गेले आणि मग ऐकू आलं. सगळ्यांनी चपला, पिशव्या, सूनबाईची पर्स माझ्यापुढे ठेवली आणि निघाले. गुरुजी थांबले. घाटावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती, त्यांनी वीस रुपयांचे घेतले आणि कागद आमच्या दोघांमध्ये ठेवला. काळी सालं दातानं फोडायची, बोटं काळी होतात.

मी भावाला फोन लावला. तो खामल्यात राहतो, रविवारी दुपारी झोपलेला असतो.

"काय झालं माई? सगळं बरं आहे ना?"

"अरे, तू 1971 च्या रामनवमीला रामटेकच्या गडावर गेला होतास, माहीत आहे का तुला?"

"काय बोलून राहिली तू? मी जन्मलो तरी होतो का तेव्हा?"

"तेच सांगून राहिले," म्हणाले, "नीट उठून बस आधी."